मामींनी सांभाळलेली चिलटं

नाशिक, १२ एप्रिल २००४

ती. सौ. मामींना साधनाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामांचा राग उतरला का? (आधी गुडघ्याचं कळवा, मग रागाचं.) आम्ही सगळे मजेत. फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन मामाच उचलतात आणि "चिलटं कशी हायेत?" एवढं विचारून ठेवून देतात. म्हणून हा कागद.

मामी, गेल्या वर्षी मार्चमध्ये मी तुमच्याशी खोटं बोलले, ते आधी कबूल करते. प्रयोगशाळेतला एसी बंद पडला, माझ्या बारा बाटल्यांतली चिलटं पटापट मरायला लागली, आणि तुमची मागची मातीच्या भिंतींची खोली गार म्हणून मी क्रेट घेऊन एसटीनं निफाडला आले. औषधाचे नमुने आहेत, हात लावू नका, असं ठोकून दिलं. काय करणार? मामांची द्राक्षं परदेशी जायची, त्या घरात मी मुद्दाम पाळलेली चिलटं आणलीत हे कुठल्या तोंडानं सांगू?

मग मैत्रिणीच्या लग्नाला चांदवडला गेले आणि दोन दिवसांनी येऊन बघते तर बाटल्या गायब! तीन वर्षांचं काम होतं हो त्यात, मला रडूच फुटलं. तुम्ही शांतपणे माठाजवळचं ओलं गोणपाट उचललंत. खाली बारा बरण्या, लोणच्याच्या! बाटल्यांतलं खाणं पाणचट होऊन चिलटं चिकटून मरत होती म्हणे, म्हणून तुम्ही मक्याचं पीठ नि गूळ शिजवून नवं घातलंत, बाटलीवर बरणी उपडी धरून चिलटांचं बिऱ्हाड हलवलंत, वर वातींच्या कापसाचा बोळा. (बिऱ्हाड हलवायला शिकताना मला सहा महिने लागले. त्या काळात आमच्या सरांच्या चहात काय काय गेलं ते विचारू नका.) आणि इंग्रजी चिठ्ठ्या वाचता येत नाहीत म्हणून एकेक बाटली घेऊन तिची चिठ्ठी तिच्याच बरणीला दोऱ्यानं बांधलीत. एकीतलं चिलट दुसरीत गेलं असतं तर संपलंच होतं सगळं.

तुम्ही बिऱ्हाड हलवलंत त्याच दिवशी द्राक्षं तपासायला साहेब आले आणि एक चिलट नेमकं त्यांच्या कपाच्या कडेवर बसलं, हे मला शेजारच्या भिमाबाईंनी सांगितलं. मामा फवारणीचा पंप घेऊन आत शिरले, तर तुम्ही दारात आडव्या. "पोरीची तीन वर्सं हायेत त्यात. पंप खाली ठेवा." साहेब फुंकर मारून चहा प्यायले, द्राक्षं पास झाली, तरी मामा फुगलेले ते फुगलेलेच! आणि नमुने औषधाचे नाहीत हे कसं ओळखलंत म्हणून मी विचारलं, तर म्हणालात, औषधाला कुणी "आज बरं वाटतंय का गं?" असं विचारतं का?

त्या चिलटांत एवढं काय आहे हे मात्र सांगायचं राहूनच गेलं. चिलटाच्या अंड्याच्या पातळ कातडीवर सगळीकडे जणू कान बसवलेले असतात (शास्त्रात ग्राही म्हणतात, मामा काय म्हणतील ते लिहीत नाही). निरोप मात्र दोन टोकांनाच येतो. तो ऐकून एकीकडे डोकं नीट घडतं, दुसरीकडे शेपूट. हे कान आईनं दिलेले. माझ्या काही माद्यांना ते नीट देताच येत नाहीत. मादी स्वतः ठणठणीत, पण तिच्या पिल्लाला डोकं अर्धवट, शेपूट नाहीच, आणि ते अंड्यातच मरतं. बिचारीचा काय दोष, असं तुम्ही म्हणाल, ठाऊक आहे मला.

मामी, तुम्ही नसता तर माझ्या प्रबंधालाही ना डोकं ना शेपूट. तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. तेव्हा नुसतीच रडले, म्हणून आज लिहिते. मामांना नमस्कार (लांबूनच).

तुमची,
साधना

ता. क. एसी पुन्हा बंद पडलाय. हे पत्र आणणाऱ्या लहानूच्या टेम्पोत मागे एक क्रेट आहे. या वेळी बारा नाहीत, सातच. मामांना सांगू नका.

ता. क. दुसरं, आणि खरं कामाचं. प्रबंध येत्या सोमवारी छापायला जातोय. आभारांच्या पानावर सरांच्याही आधी तुम्हाला घातलंय. "लंकाबाई" लिहिलं आणि पेन थांबलं. हे नाव लग्नात मामांकडच्यांनी ताटातल्या तांदळात लिहिलेलं, तुम्हीच सांगितलं होतं. तुमच्या आईनं ठेवलेलं नाव काय, हे सव्वीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. ते चिठ्ठीवर लिहा आणि लहानूजवळ द्या. रिकाम्या बरणीला दोऱ्यानं बांधून द्या, म्हणजे हरवणार नाही.