बांगड्यांखालचं हाड

अव्वा, आज मी एका माणसाचं तोंड फोडलं. आधी हेच सांगायचं होतं की तुला. सात रस्त्याजवळच्या दवाखान्यात तुझी ही लेक एक्स-रे काढते, हे तुला ठाऊक नाही; तू देवाघरी गेलीस तेव्हा मी शाळेत होते. सकाळी मंद्रूपची एक बाई आली, बरोबर नवरा आणि सासू. हात टम्म सुजलेला. नळावर पाय घसरला म्हणे. तुझा हात सुजला तेव्हा तूही तेच सांगितलं होतंस, आणि आप्पा शेजारी उभे राहून मान हलवत होते.

मला त्या दिवसाचं एवढंच आठवतं: आप्पा कारखान्यातनं आलेत, हातात मागाचा लाकडी धोटा आहे, भाकरी गार म्हणून ताट भिंतीवर आपटतं, आणि मग एकदम अंधार. दुसऱ्या दिवशी तुझ्या हाताचा फोटो काढायला गेलो. तिथल्या माणसानं बांगड्या उतरवा म्हटलं, तर आजी कडाडली, नवरा जिता असताना बाईचं मनगट मोकळं करता व्हय? मग त्यानं बांगड्या कोपराकडं सरकवल्या आणि मनगटाचा फोटो काढला. मनगट धडधाकट. मुरगळलंय म्हणून तेल चोळायला सांगितलं. मोडलेलं हाड बरोबर त्या बांगड्यांखाली होतं, अव्वा. ते वाकडं जुळलं. तुझी भाकरी एका बाजूला जाड व्हायला लागली आणि त्या जाड भाकरीपायी तू पुन्हा मार खाल्लास.

हे मला शिकल्यावर कळलं. पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगटापाशी मोडतं. करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलं, तर बहुतेक वेळा घाव अडवायला हात आडवा गेलेला असतो.

म्हणून आज नवऱ्याला आणि सासूला बाहेर काढलं. किरण लागतात, आत थांबता येत नाही, हा आमचा नियम कधी नव्हे तो कामाला आला. दार लावलं, साबण लावून एकेक बांगडी उतरवली. फोटो आला, हाड मधोमध उसाच्या कांडीसारखं मोडलेलं, वर आधी कधी मोडून जुळलेल्या हाडाची जुनी गाठ. मी पडद्यावर बोट ठेवलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "पोरगी मांडीवर हुती. तिला पदराखाली घेतली आन् हात आडवा घातला."

डॉक्टरांनी पोलिसांना कळवलं, तसा नवरा दार ढकलून आत घुसला. मोकळं मनगट बघून त्यानं तिचे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. माझ्या हातात एक्स-रेची प्लेट असलेली जड कॅसेट होती. ती मी त्याच्या तोंडावर हाणली. दात पडला, फरशीवर रक्त सांडलं, तरी आणखी एक हाणली. वॉर्डबॉयनी त्याला आणि मला, दोघांनाही धरलं.

पोलिसांसमोर ती म्हणाली, "मी पडले न्हाय. ह्यानं मारलं." संध्याकाळी तिचा भाऊ येऊन तिला आणि पोरीला माहेरी घेऊन गेला.

तो अंधार तुझा पदर होता, होय ना? धोटा माझ्यावर येत होता आणि तू हात घातलास. मला कुणी सांगितलंच नाही गं.

हे पत्र पाठवायचं कुठं, फाडूनच टाकणार. पण एक सांगते. मारताना तो मला दिसतच नव्हता, आप्पा दिसत होते. आता उठते. त्यांना दात राहिले नाहीत, भाकरी दुधात कुस्करून द्यावी लागते.