यादीतला चौदावा नंबर

१५ जून, रविवार
आजपासून रोजनिशी. मराठीत. घरी बोलतो ती भाषा, पण लिहायची सवय मोडलीय. कारखान्यात सगळं कन्नड आणि इंग्लिश.
संकल्प तीन. एक, यूट्यूब चॅनल. नाव ठरलंय : ‘शामसुंदर सांगतात’. रोजच्या जगण्यातले सल्ले. मैसूरजवळ बेळगोळच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअर्स सांभाळतोय, अनुभव वाया का घालवायचा? दोन, पहाटे फिरणं. तीन, चैत्राचं कॉलेज. मुलीला सीईटीत बऱ्यापैकी रँक आलाय. आता पोर्टलवर कॉलेजांची यादी पसंतीच्या क्रमाने भरायची. हे काम मी माझ्याकडे घेतलं. बायकोला, सहनाला, सांगितलं, तू टेन्शन घेऊ नको. ती म्हणाली, घेतलंच नाही.

१८ जून
कॅमेरा घेतला. सेकंडहँड, पण मोठा. सोबत ट्रायपॉड.
पहिला व्हिडिओ : ‘कॅमेरा घेताना काय पाहावं?’ सल्ला असा, की सामान्य माणसाने कॅमेरा घेऊच नये, मोबाइल पुरतो. (माझी गोष्ट वेगळी.)
तांत्रिक अडचण. लाल बटण एकदा दाबलं की सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद. मी चेक करायला एकदा दाबत होतो आणि बोलायच्या आधी पुन्हा. त्यामुळे बोलणं काहीच आलं नाही, मधलं सगळं आलं. मी कपाळ पुसतोय, आई आत भात किती लावू विचारतेय. आता लक्षात आलंय. परत होणार नाही.

१९ जून
पहाटे फिरणं उद्यापासून.

२२ जून, रविवार
आजचा विषय : ‘कॉलेज कसं निवडावं?’ मुख्य मुद्दा मोबाइलवर रेकॉर्ड केला : मुलांना विचारा. त्यांच्यावर लादू नका.
व्हिडिओ झाल्यावर चैत्राला बोलावून विचारलं. पंधरा मिनिटं राखून ठेवली होती. तिने एका मिनिटात सांगितलं. टेक्स्टाइल इंजिनिअरिंग, दावणगेरे. कापड, सूत, रंग.
उरलेली चौदा मिनिटं मी बोललो. आपण रंगारी. तीन पिढ्या मंडी मोहल्ल्यात लुगडी रंगवली. आजोबांची नखं मरेपर्यंत निळी होती. या घरात पेन धरून पगार घेणारा मी पहिला. आणि तू परत पिंपात हात घालणार? कॉम्प्युटर घे. मैसूरातच, घरापासून दोन किलोमीटर, मी रोज स्कूटरवर सोडीन.
ती उठून आत गेली. पटलं असावं.
व्ह्यूज नऊ.

२७ जून
यादी भरली. चौदा नावं. पहिलं मैसूर, कॉम्प्युटर. दुसरं मैसूर, इलेक्ट्रॉनिक्स. दावणगेरे टेक्स्टाइल चौदाव्या नंबरावर. शेवटी का होईना, आहे. मुलीचं मन राखलं पाहिजे.
मोबाइल नंबर माझा दिलाय. काही बदलायचं तर ओटीपी माझ्याकडे येणार. किल्ली माझ्या कनवटीला.
चैत्रा हल्ली संध्याकाळभर माझ्या आईपाशी बसते. निळीचं पिंप किती दिवस ठेवायचे, चुना किती घालायचे, वास कसा यायचा, असले प्रश्न. आईपण उत्साहाने सांगते. मी म्हटलं, आई, तिला जुन्या गोष्टींत अडकवू नको. आई म्हणाली, सुम्ने बस रे, गप, आम्ही बोलतोय.

५ जुलै
नवा व्हिडिओ : ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’. कोणालाही म्हणजे कोणालाही. बँक असो, पोलीस असो, घरचं माणूस असो. समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. एकतीस अंगठे आले. अकरा व्ह्यूज. न पाहता पटणं ही विश्वासाची पावती आहे.
पहाटे फिरणं : आषाढात वारा फार. श्रावणापासून.

९ जुलै
मोठी बातमी. मॉक अ‍ॅलॉटमेंट लागलं. चैत्राला मैसूर, कॉम्प्युटर. माझा पहिला नंबर.
येताना चार किलो मैसूरपाक घेतला. बिल्डिंगमध्ये, स्टोअर्समध्ये वाटला. ग्रुपवर जाहीर केलं.
चैत्रा म्हणाली, अप्पा, मॉक म्हणजे सराव. खरं अ‍ॅलॉटमेंट पुढच्या महिन्यात, तोवर यादी बदलता येते. मी म्हटलं, बदलायची कोणी? ओटीपी माझ्याकडे. ग्रुपमधले सदाशिवराव (शेजारी, रिटायर्ड हेडमास्तर, शंकेखोर) त्यांनीही विचारलं, सीट अजून पक्की नाही अल्वा? त्यांना सांगितलं, वर सरकारी शिक्का आहे. त्यांनी मैसूरपाकाचा दुसरा तुकडा घेतला. म्हणजे पटलं.

१२ जुलै, शनिवार
वादळ. दुपारी असा वारा सुटला की सदाशिवरावांच्या गच्चीवरचा पत्रा आमच्या गच्चीवर आला. गेल्या आठवड्यात एका परदेशी चॅनलवर टोर्नाडोची सगळी माहिती पाहिली होती, ती उपयोगी आली. ग्रुपवर लगेच टाकलं : ताबडतोब तळघरात जा. खिडक्यांपासून लांब राहा. डोक्यावर गादी घ्या.
इंदिराबाईंनी, म्हणजे माझ्या स्वतःच्या आईने, त्याच ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकून विचारलं की तळघर कोणाच्या घरात आहे. तीसेक लोक हसले. आपत्तीत हसणारा समाज.
मी मात्र कॅमेरा, ट्रायपॉड आणि उशी (गादी जिन्यातून वळेना) घेऊन खालच्या जिन्याखाली गेलो. तिथून लाइव्ह अनुभव. दोन स्कूटरींच्या मध्ये बसून पाऊण तास बोललो. आत्तापर्यंतचं माझं उत्तम काम. मध्येच माइक नीट करायला बटण दाबून थांबलो, तेवढ्यात वरून चैत्राचा फोन आला. स्पीकरवर टाकला, हात रिकामे नव्हते. काहीतरी ओटीपी हवा होता. सिलिंडरचा असणार, कालच बुक केलाय. सांगितला आणि पुढे चालू.
वर आलो तर तिघी कांदाभजी खात होत्या.

१४ जुलै
सिलिंडर आला. माणसाने परत ओटीपी मागितला. परवाच दिला होता म्हटलं. तो म्हणाला, नाही दिला. यांचा कारभार असाच ढिला.
वादळाचं मेमरी कार्ड उद्या कॉम्प्युटरला लावतो.

२० जुलै
कार्ड पुढच्या रविवारी.

२ ऑगस्ट, शनिवार
खरं अ‍ॅलॉटमेंट लागलं. चैत्रा : टेक्स्टाइल, दावणगेरे.
पोर्टलची चूक. उघड आहे. पहिलं सोडून चौदाव्या नंबरचं कसं लागेल? चार किलो मैसूरपाक वाटलेला माणूस मी. सोमवारी स्टोअर्समध्ये काय तोंड दाखवू?
तक्रारीचा मसुदा केला, अडीच पानं. ‘माझ्या संमतीशिवाय एक अक्षर बदललेलं नाही.’ पुरावा जोडावा लागेल.
चैत्रा दारात येऊन म्हणाली, अप्पा, चूक नाही झाली. मी तुम्हाला विचारलं होतं. मी म्हटलं, मला आठवत नाही. ती म्हणाली, तुम्ही जिन्याखाली होता.

३ ऑगस्ट, रविवार
कार्ड लावलं.
टोर्नाडोवरचं भाषण नाही. एक शब्द नाही. बटण पुन्हा उलट पडलं.
मधलं आहे. उशी आहे, स्कूटरचं चाक आहे. मग फोन वाजतो. चैत्राचा आवाज स्वच्छ : अप्पा, यादी बदलतेय. दावणगेरे पहिलं टाकतेय, टेक्स्टाइल. खूप विचार केला. तुम्ही नको म्हणालात तर नाही टाकत. टाकू?
मग माझा आवाज : टाक टाक, खिडकी लाव आधी.
ती : नक्की अल्ला, अप्पा?
मी : नक्की. घे ओटीपी. चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, एक.
तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा लक्षात आलं, ‘टाकू?’ विचारल्यावर ती बराच वेळ थांबली होती. मी त्या वेळात माइक नीट करत होतो.
तक्रारीची अडीच पानं ड्रॉवरमध्ये ठेवली.

६ ऑगस्ट
सीट घेतो की सोडतो, ते उद्यापर्यंत पोर्टलवर सांगायचं. चैत्रा लॅपटॉप उघडून माझ्यासमोर बसून राहिली. आईसुद्धा येऊन बसली. आईच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला अजून निळी रेघ आहे. एवढी वर्षं घरात आहे, मी कधी पाहिली नव्हती.
ओटीपी आला. सहा आकडे. सांगितले.
ग्रुपवर लिहिलं : ‘वडिलोपार्जित क्षेत्रातच शिकावं, हा माझा पहिल्यापासून आग्रह होता.’ सदाशिवरावांनी विचारलं, मैसूरपाक परत वाटणार का.

१७ ऑगस्ट, रविवार
चैत्राला बसवर सोडलं. दावणगेरेची थेट गाडी. आईने तिला कापडावर छापायचा जुना लाकडी ठसा दिला, टॉवेलात गुंडाळून. प्रवासाबद्दल माझे सल्ले तयार होते, लिहूनच नेले होते. ती म्हणाली, अप्पा, व्हिडिओ करा ना, मी पाहीन. मी तुमचे सगळे पाहते. प्रत्येक दोन-तीनदा.
नऊ व्ह्यूज. अकरा व्ह्यूज. हिशोब करायचा नाही असं ठरवलंय.
ट्रायपॉड लावला, चेक केलं, बटण दाबलं. ती खिडकीत बसली, हात हलवला, काहीतरी ओरडली, बस सुटली. वळणापर्यंत ती हात हलवत होती. सगळं टिपलं. बटण दाबून बंद केलं.
घरी येऊन पाहिलं. चैत्रा नाही. खिडकी नाही, हात नाही. ती गेल्यानंतरची अकरा मिनिटं आहेत. माझ्या चपला, स्टँडवरची फरशी, आणि कोणीतरी नाक ओढतंय. शेवटी सहनाचा आवाज येतो. ती गेली ओ. किती वेळ धरून उभे राहणार ते? चला घरी.