नुसतं गप्प राहायचं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आधी तोंड गोड कर, मग पुढचं वाच. ह्यांना कारखान्यात मुख्य रंगारी केलं! काचेची खोली मिळाली, दारावर नाव लागलं. मी म्हणायचेच ना, ह्यांच्यात धमक आहे, मागून ढकलणारं कुणी हवं. म्हाताऱ्या उस्तादांच्या हातून मोठ्या मागणीचे सगळे तागे भलत्याच रंगात निघाले, म्हणून त्यांना घरी बसवलं. वाईट वाटलं, पण म्हातारपण कुणाला चुकलंय?

हे जरा अबोल झालेत. नवी जबाबदारी, दुसरं काय. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी धाकटी

१९ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आनंद झाला. पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. उस्तादांना नीट दिसत नाही, मेहुणे मागे उभे राहून रंग गडद की फिका ते हळूच सांगतात, हे तूच कौतुकाने लिहिलं होतंस. मग त्या दिवशी मेहुणे कुठे होते? तू असं भरभरून लिहितेस तेव्हा काहीतरी झाकत असतेस, लहानपणापासूनची खोड आहे तुझी. राग मानू नकोस.

तुझी ताई

२० जून

ती. ताईस,

सा. न. वि. वि. चार महिने उत्तर दिलं नाही, कारण तुझ्याशी खोटं बोलवत नाही.

हे तिथेच होते, उस्तादांच्या मागे. आदल्या दिवशी मीच म्हटलं होतं, की खोटं बोलू नका, काही करू नका, उद्या नुसतं गप्प राहा. उस्तादांनी मान वळवून वाट पाहिली, आणि मग अंदाजाने रंग ओतला. एवढं मला सांगितलं, ते ह्यांचं शेवटचं बोलणं.

आता घरातही गप्पच. मीठ हवं असलं तरी स्वतः उठून घेतात. मी भांडले, रडले, एकदा मुद्दाम जेवण करपवलं. तेही निमूट जेवले. ज्यांना मोठं करायला निघाले होते ते माझे राहिलेच नाहीत. फार एकटं वाटतं गं.

धाकटी

२ जुलै

चि. धाकटीस आशीर्वाद.

माझ्याकडे ये असं म्हणणार नाही; आलीस तर परत जायची नाहीस. उस्तादांकडे जा आणि दोष तुझा होता ते तुझ्या तोंडाने सांग. त्याशिवाय मेहुण्यांच्या तोंडाचं कुलूप निघायचं नाही.

ताई

९ सप्टेंबर

ती. ताईस,

सा. न. वि. वि. धीर गोळा करायलाच दोन महिने गेले. काल रविवारी, हे बाहेर पडल्यावर, मी उस्तादांकडे निघाले. गल्लीत वळले तर त्यांच्या खिडकीतून ह्यांचा आवाज आला! सात महिन्यांनी ऐकला. त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते, मध्येच हसतही होते. मला वाटायचं, रविवारी कारखान्यात जातात.

मी दाराशीच थांबले. उस्तादांनी विचारलं, की सूनबाई का येत नाही. हे म्हणाले, की तिला घरात काम फार, पण दर रविवारी मला तीच पाठवते. उस्ताद म्हणाले, की अशी बायको मिळायला नशीब लागतं.

कडीला हात लावला होता, ताई. पण मी खरं बोलले असते तर ह्यांचं ते एवढं बोलणंही बंद झालं असतं. तशीच मागे फिरले. संध्याकाळी हे आले, मी पाणी दिलं. कुठे गेला होतात ते विचारलं नाही. आता मीही गप्प राहते.

लोभ उरला असेल तर पत्र लांबलचक लिही. मी ते मोठ्याने वाचते. या घरात तेवढंच बोलणं.

तुझी धाकटी