तेविसावं मत माझं

श्री एकवीरा माता प्रसन्न

दोन रात्री झाल्या, डोळ्याला डोळा लागलेला नाही. पोटातलं आडवं आहे, कुशीवर होता येत नाही, हे एक. आणि शनिवारी आमच्या भाऊबंदातल्या जीवराम भाऊंच्या दारात त्यांच्या मुलीच्या, कमलच्या, साखरपुड्याचा नारळ परत आला. तो माझ्यामुळे परत आला आणि हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. म्हणून लिहिते.

मी तापीबाई, नवरा हिलाल चुडामण पाटील, वय वर्षं बावीस, राहणार मौजे आंबेझिरी, तालुका शिंदखेडे, पश्चिम खानदेश. नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही, कागदावर घ्यावं लागतं म्हणून घेतलं. शिक्षण मराठी चौथी, तीही पुरी नाही, जळगावला मेहरूणच्या शाळेत. माझं डोकं ठिकाणावर आहे. हे मला कुणी लिहायला लावलेलं नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

उद्या सकाळी मला गाडीने दोंडाईच्याला आणि तिथून मोटारीने धुळ्याला दवाखान्यात नेणार आहेत. मागचं बाळंतपण घरी झालं. दीड दिवस अडले होते. मुलगा झाला, तो रडलाच नाही. या खेपेला धुळ्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपून सांगितलं की बाळ आडवं आहे, दवाखान्यात आणा, घरी ठेवाल तर दोघंही हाती लागणार नाहीत. हा कागद मी त्यांच्या हातात देणार आहे. मी घरी परत गेले तर त्यांनी तो मला परत द्यावा. नाही गेले तर उघडावा.

आता माझ्या जिनसांचं.

पहिलं. चांदीचे तोडे माझ्या माहेरचे आहेत. ते माझी मुलगी वच्छी हिचे. वच्छी आता तीन वर्षांची आहे. सासूबाई म्हणतील की घरात राहू द्या, लग्नात घालू. तर तसं नको, ते तिच्याबरोबर जावेत. कुठे जावेत ते खाली लिहिलं आहे.

दुसरं. डोरलं सासरचं आहे, ते सासरी राहावं. दुसरी येईलच. तिच्या गळ्यात घाला, माझी तक्रार नाही. तिला एवढं सांगा की घट्याचा खुंटा सैल आहे, दळताना हातावर येतो. मी चार वर्षं सांगते आहे, कुणी ठोकला नाही.

तिसरं. काळी शेळी ताजबी मणेरीणला द्यावी. ती दोंडाईच्याहून बांगड्या घेऊन येते. मुलगा गेला तेव्हा बाया दारावरून परत जायच्या, विटाळ म्हणून. ताजबी आत आली, माझ्या हातातल्या काचा वेचल्या आणि नव्या बांगड्या भरल्या. म्हणाली, "रिकामे हात ठेवू नको बेटी, हातांना काम नसलं की डोकं फिरतं."

चौथं. हिरवं लुगडं, या खेपेच्या डोहाळजेवणाचं, एकदाच नेसलेलं, ते जीवराम भाऊंच्या कमलला. तिचं लग्न मोडलं आहे. ते परत जुळावं म्हणून पुढचं सगळं लिहिते. हेच खरं कलम आहे, बाकीचं नसलं तरी चालेल.

माघात मुंबईच्या कौन्सिलाची निवडणूक झाली. आमच्याकडे एक उमेदवार काँग्रेसचा होता आणि एक अपक्ष, दोंडाईच्याचे कापसाचे शेठ. आमचे सासरे चुडामण आबा, त्यांची आणि शेठची पोरपणापासूनची दोस्ती. आबांनी शेठला जबान दिली की आमच्या भाऊबंदकीची सगळी मतं तुमची. बावीस मतं पुरुषांची होती. मग त्यांना कुणी सांगितलं की बाईला लिहितावाचता येत असेल तर तिलाही मत आहे. आबांनी स्वतः माझा अर्ज केला. मला ओट्यावर बसवून साहेबापुढे सही करायला लावली. असे तेवीस झाले. माझं नाव यादीत आलं ते आबांमुळेच, हे मी विसरलेली नाही.

काँग्रेसचा उमेदवार एकदाच गावात आला. निंबाखाली उभा राहिला. आम्ही बाया दाराआड. त्याने विचारलं, "मागच्या वर्षात या गावात किती बाळंतिणी दगावल्या?" कुणी मोजलंच नव्हतं. तेव्हा आमच्या दारातून एक म्हातारी बोलली, "तीन गयात. पोरं कोन मोजस?" तो म्हणाला, निवडून आलो तर तालुक्याला बाळंतिणींचा दवाखाना मागेन. आबा घरी येऊन हसले. "बोलाले काय जास? तोंडनं शे, बैल थोडाच जुपना शेत."

मला स्वराज्याचं फार कळत नाही. माझा भाऊ रुपचंद बत्तीस साली लाठ्या खाऊन आला, त्याच्या पाठीला मी हळद लावली, तेवढं कळतं. आणि दवाखान्याचं कळलं. बाकी त्या दिवशी काय बोलले ते माझ्या ध्यानात नाही.

मताच्या आदल्या दिवशी आबांनी तेवीसही जणांना मारुतीच्या पारावर बोलावलं. तांब्यात तापीचं पाणी. एकेकाने चिमूटभर मीठ त्यात टाकायचं. आबा म्हणाले, "ज्यानं वचन मोडं, त्यानं घर या मिठना मायक इरघळी जाई." सगळ्यांनी टाकलं. माझी पाळी आली तर मी पोटावर हात धरून उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, "आबा, बाईलेबी इचारा ना, तिन्ही काय मर्जी शे." पार हसला. सासूबाई म्हणाल्या, "बाईना मतले काय इचारतस? जठे दादला तठे बाई." त्यांनी माझा हात धरला, मुठीत मीठ दिलं आणि मूठ तांब्यावर उघडली. मीठ पडलं. मी हो म्हणाले नाही, नाहीही म्हणाले नाही. हात माझा होता. हे शपथेत धरायचं की नाही, ते ज्याला कळतं त्याने ठरवावं. मी धरते.

सकाळी गाड्या जुंपल्या तेव्हा आबांनी सगळ्यांच्या अंगठ्याला ओली हळद लावली. भंडारा म्हणाले. पण त्यात हिशोब होता. मताच्या कागदावर अंगठा उमटेल आणि मोजणीच्या वेळी शेठच्या माणसाला आमचे तेवीस कागद ओळखू येतील.

दोंडाईच्याच्या शाळेत मतं होती. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी साहेबाला सांगायचं, साहेब फुली करून देणार. शेठचा माणूस शेजारी बसून ऐकत होता. आमच्यात लिहिणारे चारच. आबा, वच्छीचे वडील, जीवराम भाऊ आणि मी. चौघांना कागद घेऊन पडद्याआड पाठवलं.

पडद्याआड कुणी नव्हतं. सासूबाई नव्हत्या, आबा नव्हते, दादला नव्हता. लग्न झाल्यापासून दिवसाढवळ्या मी कुठे अशी एकटी उभी राहिलेली नाही. मी दोन्ही नावं वाचली. परत वाचली. पोटात लाथ मारली त्याने. मी काँग्रेसच्या नावापुढे फुली केली. कागद दुमडताना अंगठा उमटला तो दिसला, पण पुसला नाही. हळदीचा हिशोब तेव्हा माहीत नव्हता.

शेठ पडले. पुष्कळ मतांनी पडले, माझ्या एका मताने नाही. पण धुळ्याहून त्यांचा माणूस आला आणि सांगून गेला की पिवळे अंगठे शेठच्या ढिगात बावीसच निघाले, तेविसावा काँग्रेसच्या ढिगात. आबा दोन दिवस जेवले नाहीत. जबान गेली म्हणून. ते खोटं दुःख नव्हतं.

मग पंच बसले. ज्यांची फुली साहेबाने केली ते एकोणीस सुटले, शेठच्या माणसाने कानांनी ऐकलं होतं. उरले लिहिणारे. आबांनी एकेक बोट उघडून मोजलं. "मी, हिलाल, जीवराम." तिसऱ्या बोटावर थांबले. चौथं बोट त्यांनी उघडलंच नाही. मी तिथेच होते, पंचांना पाणी देत होते.

जीवराम भाऊ मार्गशीर्षात फैजपूरला काँग्रेस बघायला गेले होते, पांढरी टोपी घालून आले होते. आबा म्हणाले, "टोपीवाला, तुन्हा अंगठा मी वळखस."

जीवराम भाऊ उभे राहिले. "आबा, टोपी काँग्रेसनी शे, पन जबान मन्ही शे. मी मीठ टाकं, मी मत शेठले दिनं. मन्हा जीव नही व्हता, तरी दिनं."

"मंग चौथा कोन? मारुती उना का मत देवाले?"

सगळे हसले. जीवराम भाऊ हसले नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असं मला वाटतं. खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

त्यांना वाळीत टाकलं. गावची विहीर बंद. त्यांची बाई नदीच्या वाळूत झिरा खोदून पाणी भरते. बैल कुणी देत नाही, विस्तव कुणी देत नाही. आणि शनिवारी नारळ परत आला. कमल आमच्या भिंतीपलीकडेच राहते. ती रडत नव्हती. भांडी घासत होती, एकच भांडं, किती वेळ.

म्हणून मी लिहून ठेवते की ते मत माझं. जीवराम भाऊंनी आपलं मन मोडलं आणि वचन पाळलं. गावात ज्याला सगळ्यात खोटा ठरवलं तो सगळ्यात खरा निघाला. त्यांना विहीर द्यावी, पंगतीत घ्यावं, आणि आबांनी स्वतः कमलच्या सासरी जाऊन नारळ पुन्हा देऊन यावं. हे माझं मागणं आहे. मेलेल्या माणसाचं मागणं पंच ऐकतात असं ऐकलं आहे.

जिवंतपणी का बोलली नाही, असं विचाराल. घाबरले. आबांना कळलं असतं तर उद्याची गाडी निघाली नसती. ते म्हणाले असते, मीठ लागलं आहे, दवाखाना काय करणार. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं, आडवं का झालं असेल. त्या म्हणाल्या, होतं कधी कधी, कारण नसतं. मला ते अर्धंच पटतं. दिवसा पटतं. जगले तर मी स्वतः हा कागद आबांपुढे वाचीन असं आज लिहिते. बाळ हातात आल्यावर एवढा धीर राहील का, ते सांगता येत नाही.

पाचवं. वच्छीच्या वडिलांना. तुम्ही मला कधी हात लावला नाही. मुलगा गेला तेव्हा तुम्ही गोठ्यात जाऊन रडलात, मला दिसलं होतं. पण आबांपुढे तुमच्या तोंडून शब्द निघत नाही, ते मी सहा वर्षं पाहते आहे. म्हणून वच्छीला तुमच्या भरवशावर ठेवत नाही. राग मानू नका.

सहावं. सासूबाईंना माझी पितळी परात. त्यांनी मला बाळंतपणात वाईट खाऊ घातलं नाही. पारावर माझा हात धरला त्याची माफी मात्र मी त्यांना दिलेली नाही. परात घ्याल तेव्हा आठवण ठेवा.

सातवं. वच्छी माझा भाऊ रुपचंद याच्याकडे मेहरूणला राहील. बाळ जगलं तर तेही. हा कागद वाचला गेल्यावर गावात तिला मीठ मोडणारीची पोर म्हणतील. कुणाचं ढोर मेलं, कुणाचा पाऊस चुकला तरी तिच्यावर येईल. तिला शाळेत घालावं. चौथी पुरी करावी. माझी पाटी फडताळात वरच्या फळीवर आहे, कोपरा फुटका आहे पण चालते.

स्थावर माझ्या नावावर काही नाही. जे होतं ते लिहिलं.

साक्षीदार ताजबी आणि तोताराम गुरुजी. दोघांनी मला सही करताना पाहिलं, कागद वाचला नाही. गुरुजी म्हणाले, "वाचू का?" मी नको म्हटलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि मग सही केली.

सही
तापीबाई हिलाल पाटील

साक्षीदार
१. तोताराम गुरुजी, मराठी शाळा, आंबेझिरी (सही)
२. ताजबी मणेरीण, दोंडाईचे (डाव्या हाताचा अंगठा)

मुक्काम आंबेझिरी, चैत्र वद्य प्रतिपदा शके १८५९, सोमवार तारीख २६ एप्रिल १९३७

सहीनंतर आठवलं ते लिहिते, हेही कागदातच धरावं.

डॉक्टरीणबाई, किंवा जे कुणी हे वाचत असेल त्यांना हात जोडून. हा कागद लगेच पंचांकडे पाठवू नका. वच्छी अजून आंबेझिरीला आबांच्या घरात आहे. ती तिथून निघाल्याशिवाय कुणाला वाचून दाखवू नका. माझा भाऊ रुपचंद जळगावला कापसाच्या जिनात इंजिनावर आहे, तिथे हापिसात फोन आहे, नंबर जळगाव एक्केचाळीस. तो यंत्राजवळ असतो, त्याला ऐकू येत नाही, बोलावून आणेपर्यंत फोन ठेवू नका. माझं आधी सांगू नका. आधी एवढंच सांगा की पहिल्या गाडीने दोंडाईच्याला उतर, वच्छीला उचल, आणि मेहरूणला पोचलास की परत फोन कर. त्याचा फोन आला की मग हे पंचांकडे पाठवा. तोपर्यंत कुणी विचारलं तर तापीने काही लिहून ठेवलेलं नाही असं म्हणा, आणि माझ्या भावाला फोन करा.