सारजाचं जंताचं औषध

डिंगोरे, १२ ऑगस्ट १९९८

चि. सौ. सारजास,
झुंबरआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे माणसं बरी आहेत, शेळ्या बऱ्या न्हाईत. गेल्या साली आबांनी आपल्या दोघींना दोन-दोन शेळ्या दिल्या. माझ्या दोन्ही वाळत चालल्यात. तांबडीच्या जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आलीय. तुझ्या मात्र जुळी व्यायल्या, असं आपला रामदास सांगत व्हता. सख्खा भाऊ, पण तुझ्या शेळ्यांचं कौतुक करताना थकत नव्हता. आबांनी चांगल्या निवडून तुला दिल्या, हे मला तवाच दिसलं व्हतं. धाकटीचे लाड, दुसरं काय. पोरांना पापा.
तुझी आक्का

महाळुंगे पडवळ, २० ऑगस्ट १९९८

ती. सौ. आक्कास,
सारजाचा शि. सा. न. पत्र वाचून रडू आलं, मग रागही आला. आबांनी निवडल्या नव्हत्या. निवडताना पहिली दोरी तूच धरलीस, उरल्या त्या मी घेतल्या. आक्का, तांबडीची खालची पापणी ओढून बघ. आतून पांढरी दिसली तर पोटात जंत आहेत, ते रक्त पितात. माझ्या शेळ्यांनाही झालं होतं. डॉक्टरांना तुझ्या शेळ्यांचं सगळं सांगून औषध घेतलंय, रामदासबरोबर पाठवतेय. किती पाजायचं ते चिठ्ठीत आहे. उशीर करू नकोस. ओढ्याकाठच्या ओल्या गवतात चारू नकोस, जंत तिथूनच पोटात जातात. माया कमी करू नकोस.
तुझी सारजा

डिंगोरे, ९ सप्टेंबर १९९८

चि. सौ. सारजास,
आशीर्वाद. तुझ्या कानावर आलंच असंल, तांबडी गेली. तुझ्या औषधानं गेली, असं मी इथं बायकांत सांगितलं. शेजारची साळुबाई तिच्या शेळ्यांना औषध पाजणार व्हती, तीही भिऊन थांबली.

आता खरं लिहिते. पापणी मी तुझं पत्र आलं त्याच दिवशी बघितली, पांढरीफटक. तरी बाटली दहा दिवस फडताळात ठेवली. तुझ्यामुळं माझी शेळी उठली तर जन्मभर ऐकावं लागंल, असं वाटलं. इथल्या डॉक्टरांनी तांबडीचं पोट उघडून दाखवलं. आत केसासारखे लाल जंत व्हते. औषध वेळेवर मिळतं तर वाचली असती, म्हणाले. मला मान वर करवंना. दुसरीला त्यांच्यासमोरच पाजलं. ती आता पाला खातेय.

काल साळुबाईच्या ओट्यावर चारचौघी बसल्या व्हत्या. तिथं उभं राहून सांगितलं, “सारजाचं औषध मी पाजलंच न्हाई. मला तिचा हेवा वाटला.” मग साळुबाई उठली, शेळ्या सोडल्या आणि दवाखान्याच्या वाटेला लागली. मी मागून तिची करडं हाकत गेले.

हेवा पुरता गेला, असं लिहीत न्हाई. रागाचं का असंना, पत्र धाड.
तुझी झुंबर