दुखवटा काढल्यावर

ताई,

तू गेल्यावर तुले पयल्यांदाच लिवून राहिली. चौथीतून माही शाळा सुटली, माहं अक्षर तुले ठाऊकच आहे, मुंगळे चालल्यावानी! पण हे सांगू कोणाले? तोंडानं सांगाले गेली की माहा गळाच बसते.

उद्या आखाडीचा सण. सकाळी बाबाले इचारलं, "वडे करू का गुलगुले?" बाबा भिंतीकडे पाहत म्हणे, "काहीही कर. मले सारं मातीवानी लागते." ताई, मी परात तशीच खाली ठेवली. हेच बोलली होती ना तू?

माय गेली तवा तू बार्शीटाकळीहून, सासरहून, आली. आपण सारे रडलो. मंग पोळ्याले बाळापूरचे मामा-मामी आले, मायचा दुखवटा काढला. मामीनं तुले नवं लुगडं नेसवलं, चुलीवर कढई चढवली, वडे तळले. कढई चढली की दुःख उतरलं, असंच मानते ना आपल्यात! बाबानं फिरून सवारीचा टांगा जुंपला. मी गल्लीतल्या पोरींसंग हसाले लागली. तू मात्र त्या नव्या लुगड्यात कुडाले टेकून बसली ते बसलीच.

आत्या म्हणे, "सासरी जाचं नाही, म्हणून सोंग लावलं पोरीनं."

अन् मी? मी काय कमी हाओ? तू मले हळूच म्हटलं होतं, "शांते, रडू येत नाही व. आलं असतं तर बरं झालं असतं." अन् मी तुले काय बोलली! "माय का तुही एकटीचीच मेली?" तू रागावली पण नाही. एक थापड तरी माराची व ताई! थापड मारली असती तर समजलं असतं, की तू अजून आहे तिथं.

पौषात ताप आला. चार दिवसांचा ताप. पण तुह्या अंगात राहिलंच काय होतं त्याच्याशी लढाले?

होळीले मामा फिरून आले. तुहाही दुखवटा काढला. फिरून कढई चढली. पण बाबा?

बाबा मोतीसंग बोलत नाही आता. आठवते ना, घोड्यासंग कशा गप्पा चालत त्याच्या? "चाल बे, सासऱ्याच्या घरी नाही जाऊन राहिलो!" सवाऱ्या पोट धरून हसत. आता पंधरा दिवस झाले, टांगा उभाच आहे. पहाटेपासून डोळे उघडे. म्हणते, "दोघी माह्याच पायी गेल्या."

मले वाटलं, मले पण हेच होऊन राहिलं का? म्हणून मागच्या गल्लीतल्या सिस्टरबाईकडे गेली. दारात किती वेळ उभी होती! त्यायनंच आत बोलावलं.

"काल हसली का व तू?"

"हसली. बकरीनं आत्याचा पदर खाल्ला म्हणून."

"मंग?"

"मंग ताईची याद आली. रडली."

"भूक लागते?"

"लागते. लाज वाटते, पण लागते."

"तर मंग तुहं दुःख आहे पोरी. ते येईन, जाईन, फिरून येईन. पण जे महिने-महिने जागचं हलतच नाही, हसू देत नाही, रडू देत नाही, झोप खाते, अन् सारं आपल्याच पायी झालं म्हणते, ते दुःख नाही. बिमारी आहे. तिले डॉक्टर लागते, नवं लुगडं नाही."

ताई, हे मले साल आधी कोणी काहून नाही सांगितलं?

बाबाले डॉक्टरचं सांगितलं तर म्हणे, "लोक काय म्हणतीन? टांगेवाल्याले येड लागलं?" माहा गळा बसला. नेहमीवानी. पण मी उठून नाही गेली. तिथंच बसली. मंग म्हटलं, "बाबा, ताईले पण आपण असंच बसू दिलं." बाबा फिरून भिंतीकडे वळला. 'नाही' पण नाही म्हटलं.

सोमवारी सिस्टरबाई दवाखान्यात डॉक्टरले आधी सांगून ठेवणार आहे. उद्या कढई चढवीन, सण आहे. पण तिच्या भरवशावर नाही राहणार. सोमवारी मोतीले मी जुंपीन. बाबाले मागं सवारीवानी बसवीन, अन् लगाम मी धरीन. भर बाजारातून. पाहू दे लोकाले काय पाहाचं ते! डॉक्टरनं इचारलं तर सारं मी सांगीन, तुहं पण. तवा माहा गळा बसू देणार नाही, हे तुले वचन.

तुही,
शांती