कागद दुमडून बघ

धनश्रीच्या आईस पुण्याहून रामराम.

मी धडधाकट हाय. लेकीकडं पोटभर जेवतो. फोन केला असता, पन डॉक्टरीनबाईनं रोज पानभर लिहायला लावलंय, अक्षर मोठं काढून. म्हनलं, नुसतं गिरवन्यापरीस तुलाच लिहावं.

हात कापतो त्याला पार्किन्सन म्हनत्यात. मी म्हनलं, बाई, मला कळंल असं सांगा. तर म्हनली, पेशी म्हंजी तुमचा गोठा समजा. बिघडलेलं प्रोटीन ती रोजच्या रोज मोडून काढती, त्यातलं कामाचं परत वापरती. तुमच्या मेंदूत ही झाडलोट मंदावली, घान साचली, पेशी मरत्यात.

मी म्हनलं, मग झाडायचं औषध द्या की! तर म्हनली, बाबा, ते अजून कुनाला गावलं न्हाई. गोळीनं हात सावरंल, साचलेलं निघनार न्हाई.

त्या दिवशी चहा सांडला, तू बोललीस आन मी तुज्यावर वरडलो. सांडला ती हाताची चूक. वरडलो ती माजी.

आपला गोठा कोन झाडतंय? तू वाकू नको. रविराजला लाव, आपलाच पोरगा हाय तो, पाव्हना न्हाई. कालवड खाती का?

आता एक काम कर. ह्या रोगात अक्षर बारीक व्हत जातं आन लिहिनाऱ्याला कळत न्हाई, म्हनं. मला तर सारखंच दिसतंय. धनश्रीला कागद दाखवला, तर "छान हाय आप्पा" म्हनली आन आत निघून गेली. तू कागद दुमड, पयल्या ओळीला ही ओळ लावून बघ. मग फोन कर आन खरं सांग. रडू नको, नुसतं सांग.

मच्छिंद्र